बेरेझोव्स्की, माक्सिम

(सु. १७४५–मार्च १७७७). ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेसाठी वृंदगायन रचणारा युक्रेनियन संगीतकार. जन्म बहुधा ह्लुखीव्ह येथे. पीटर्सबर्गच्या दरबारी गायकवृंदासाठी मुले तयार करणारी गायनशाळा तेथे १७३८ पासून होती. तो तिथेच शिकला असावा. १७५८ मध्ये युवराज पीटर फ्योदोरोविचच्या पदरी गायक. १७६३ मध्ये विवाह.

१७६९ मध्ये त्याला बोलोन्याला संगीतशिक्षक पाद्रे मार्तीनी यांच्याकडे पाठवण्यात आले. मे १७७१ मध्ये तेथील आकादेमिया फिलार्मोनिकाची परीक्षा तो चेक संगीतकार मिस्लिव्हेचेकसह उत्तीर्ण झाला; आदल्याच वर्षी मोट्सार्टला तेथे प्रवेश मिळाला होता. मेतास्ताझिओच्या संहितेवरील त्याचा ‘देमोफोन्ते’ हा ऑपेरा १७७३ मध्ये लिव्होर्नोला रंगमंचावर आला. त्याच वर्षी तो परतला.

पुढची कथा सर्वज्ञात आहे : दरबाराने उपेक्षा केली, त्याने आत्महत्या केली आणि ‘ने ओत्वेर्झी मेने’ या वृंदरचनेत त्याची निराशा उतरली. वृद्धापकाळी देवाने दूर लोटू नये अशी विनवणी करणाऱ्या स्तोत्रावरील ही चार आवाजांची, ‘डी मायनर’मधली रचना त्याची सर्वश्रेष्ठ कृती होय; तिच्या अखेरच्या फ्यूगमधली स्वरांची वीण अठराव्या शतकातील चर्चसंगीतात क्वचितच आढळते. मात्र समकालीन वृत्तांतकार याकोब श्टेलिनने १७६९ च्या सुमारास दिलेल्या त्याच्या रचनांच्या यादीत हे नाव आहे. म्हणजे ती परतल्यानंतरच्या वैफल्यातून आलेली नाही, आणि केवळ इटालियन शिक्षणाचे फळही नाही. युक्रेनियन बहुस्वरी परंपरा व पीटर्सबर्गमध्ये ऐकलेला ऑपेरा एवढी शिदोरी तिला पुरली. उपलब्ध प्रती नंतरच्या आहेत, तेव्हा इटलीहून आल्यावर रचनेवर हात फिरवला असेल, असा आक्षेप घेता येतो. तो सर्वस्वी फेटाळता येत नाही; पण फेरफारासाठीही मूळ रचना आधी असावी लागते. आत्महत्येची कथा मृत्यूनंतर काही दशकांनी छापली गेली, आणि लेखक कुकोल्निकच्या कथेने ती घरोघर नेली. समकालीन कागद एवढेच सांगतो की अंत्यविधीला पैसे नसल्याने त्याचा थकलेला पगार एका दरबारी गायकाच्या हाती द्यावा. दारिद्र्य खरे होते. त्यावरून मृत्यूचे कारण ठरवणे ही कादंबरीकाराची मुभा, कोशकाराची नव्हे.

वाद्यसंगीत : व्हायोलिन व हार्पसिकॉर्डसाठी सोनाटा (पिसा, १७७२).