‘वय झालं’ या दोन शब्दांचा इतिहास

आजचा भाग आंबोलीचा आहे, पण धबधब्याचा नाही. धबधब्यावर रील्स भरपूर आहेत, ती तिकडे बघा.

आमच्या सावंतवाडी तालुक्यात एखाद्या आजीचे गुडघे धरले, ऐकू येईनासं झालं, की घरचे म्हणतात, “वय झालां, असांच होतलां.” विषय संपला. मला मात्र हे वाक्य छळतं. कारण वैद्यकाची एक अख्खी शाखा हेच वाक्य नाकारून उभी राहिलीय.

म्हातारपणाचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. वाग्भटाने आयुर्वेदाची आठ अंगं मोजली, त्यात ‘जरा’ हे स्वतंत्र अंग. चरकसंहितेचं चिकित्सास्थान तर सुरूच रसायनापासून होतं. रसायन घ्यायचे मार्ग दोन. एक कुटीप्रावेशिक, म्हणजे खास बांधलेल्या कुटीत राहून. दुसरा वातातपिक, म्हणजे ऊन-वारा अंगावर घेत, रोजची कामं करत. पहिल्याला सवड आणि पैसा दोन्ही हवेत. थोडक्यात, प्रीमियम प्लॅन तेव्हाही होता! भर मात्र मुख्यतः म्हातारपण लांबवण्यावर.

‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द 1909 सालचा, न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांचा. लहान मुलांसाठी वेगळं शास्त्र आहे, तर म्हाताऱ्यांसाठी का नको, असा त्यांचा साधा प्रश्न. पण शब्द आला म्हणून काम सुरू होत नाही. ते केलं लंडनच्या मार्जरी वॉरन यांनी. 1935 मध्ये त्यांच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या गरीबखान्याचा दवाखाना आला. सातशेच्या वर माणसं, कित्येक जण वर्षानुवर्षं अंथरुणात. ‘वय झालं’ म्हणून कुणी नीट तपासलेलंच नव्हतं. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं, वेगवेगळे गट केले, उठवलं, चालवलं. बरेच जण घरी गेले. त्यांचं म्हणणं होतं की हे एकट्या डॉक्टरचं काम नाही. नर्स, व्यायाम करून घेणारे, समाजसेवक सगळे एकत्र हवेत. आज ज्याला एकात्मिक वृद्धसेवा म्हणतात, तिचं मूळ इथे आहे.

भारतात 1978 मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी वृद्धांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली. 2007 मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आला, आणि 2010-11 पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम.

आता कोकणात या. 2001 ला सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 ला 8,49,651. वाढली नाही, घटली! दर हजार पुरुषांमागे 1036 बायका. तरुण माणूस मुंबईला, मनीऑर्डर गावाला, आणि म्हातारी माणसं सुनेच्या हवाली, हे गिरण्यांच्या काळापासून चाललंय. आता मनीऑर्डरची जागा यूपीआयने घेतलीय, एवढाच फरक. सासऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, पेज किती पातळ करायची, रात्री कुणी उठायचं, हे सगळं ज्ञानच होतं. पण ते सुनांच्या हातात राहिलं, आणि ज्ञानाच्या इतिहासात हातांना तळटीपसुद्धा मिळत नाही. मला यात योगायोग दिसत नाही. ज्या कामाला पगार नाही, त्याची वही कोण ठेवणार?

अशी वही आता थोडीफार सुरू झालीय. आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला कुणाची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं विसरता का. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये एकात्मिक वृद्धसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यावर आधारलेल्या चाचणीत स्मरण, चालणं, खाणं, नजर, कान आणि मन अशा सहा गोष्टी बघतात. चालण्याची परीक्षा भारी सोपी आहे: हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, 14 सेकंदांत.

आंबोलीत पावसाळ्यात सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटात दरड आली की तीसेक किलोमीटरवरची सावंतवाडी फार लांब जाते. तोल जातोय हे मे महिन्यात कळलं तर काठी, चष्मा, न्हाणीत धरायला दांडा, सगळं जमतं. जुलैत पडल्यावर कळलं, तर आधी रस्ता मोकळा व्हायची वाट बघायची.

तर चतुर्थीला गावी जाल तेव्हा फोनचं स्टॉपवॉच लावा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि आजीच्या बाजूला उभे राहा. किती सेकंद लागले ते कमेंटमध्ये नको, आशाताईंना सांगा.