रंगओळख, शिशुवयातील (अहिल्यानगर जिल्हा)

दीड ते चार वर्षांच्या मुलांना ठसेकाम, चिकटकाम, बोटांनी रंगवणे, बिया निवडणे अशा कृतींतून रंग ओळखायला शिकवण्याची रीत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी हे काम मुख्यतः अंगणवाडीत चालते. त्याहून लहानांचे शिक्षण घरच्या ओट्यावर, बहुधा आजीच्या मांडीवरच होते.

रंग कळणे आणि रंगाचे नाव सांगता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-अडीच वर्षांचे मूल लाल बांगडीशेजारी लाल बांगडी बिनचूक ठेवते. ‘हा कोणता रंग?’ विचारले की तोंडात येईल ते नाव ठोकून देते. पालक येथेच धास्तावतात. मारिया माँटेसरी यांनी सेगँ या फ्रेंच वैद्याकडून घेतलेल्या पाठाच्या तीन पायऱ्या यासाठीच आहेत: आधी ‘हा लाल, हा पिवळा’, मग ‘लाल दे बरं’, आणि शेवटी ‘हा कोणता?’ माँटेसरींच्या रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीत लाल, निळा आणि पिवळा एवढ्याच जोड्या असतात. मराठी मुलाला ‘निळा फुगा, निळी वाटी, निळं फूल’ अशी एकाच रंगाची तीन रूपे ऐकावी लागतात, हेही ध्यानात घ्यावे. भिंतीवरच्या बारा रंगांच्या तक्त्याने यातले काहीच साधत नाही. तो बहुधा पाहुण्यांसाठी असतो.

महागडी साधने बाजूला ठेवून परिसरातल्या वस्तू वापरण्याचा पायंडा महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी पाडला. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पाने, बिया, शिंपले, खडे ही तिथली साधने. १९५७ पासून कोसबाडला हे काम अनुताई वाघ यांच्या साथीने वाढले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी गावोगाव पोहोचली.

अहिल्यानगरात अशा साधनांना तोटा नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी वाणांत वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत. पांढरे, तांबडे, काळे, ठिपक्यांचे दाणे सुपात एकत्र करून मुलापुढे वाट्या मांडल्या की वर्गवारीचा पाठ तयार होतो. ठिपक्यांचा दाणा हातात आला की मूल थबकते, एका वाटीत टाकते, पुन्हा उचलते. मोठ्यांनी तेव्हा गप्प बसावे. पिवळा रंग मूल खंडोबाच्या भंडाऱ्यातून आधीच ओळखत असते. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा तर रंगपंचमीलाच भरते.

रंग बदलताना दाखवणे सर्वांत परिणामकारक. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर मुलाने साबणाच्या पाण्याचे बोट फिरवले की तिथे तांबडी रेघ उमटते. हळदीचा डाग धुताना आईने हे अनेकदा पाहिलेले असते, मुलाला ती जादू वाटते. गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी लिंबू पिळताच जांभळट गुलाबी होते. ठसेकामात भेंडीच्या चकतीने चांदणी उमटते, बिटाच्या फोडीला वेगळा रंगही लागत नाही. कपटे चिकटवायला कणकेची खळ पुरते.

घरातले सर्वांत भडक रंग मात्र मुलांसाठी सर्वांत वाईट. पारंपरिक शेंदरात शिसे असते, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायच्या अस्सल हिंगुळात पारा. देवघरातला शेंदूर किंवा पोळ्याचा उरलेला रंग मुलाच्या हाती देऊ नये. लाल-काळ्या गुंजा रंग शिकवायला मोहक दिसतात, पण त्या विषारी आहेत. वाल, वाटाणे, मणी तीन वर्षांखालचे मूल तोंडात किंवा नाकात घालते, म्हणून बियांचा खेळ नजरेसमोरच हवा. सर्वांत लहानांना बिया न देता बांगड्या, चेंडू, कापडाचे तुकडे द्यावेत.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. त्यांच्या लहानग्यांची अंगणवाडी ऐन शिकण्याच्या महिन्यांत सुटते. फडावर हिरवे वाढे, तांबूस वाळलेले पाचट, कोपीवरची निळी ताडपत्री एवढे रंग समोर असतात. शिकवायला तेवढे पुरतात; तोडणीच्या धबडग्यात आईबापाला फुरसत मिळत नाही, ही खरी अडचण.

सगळा सराव होऊनही चार-पाच वर्षांचे मूल लाल-हिरव्यात सतत गल्लत करत असेल, तर त्याला ढ ठरवण्याआधी डोळे तपासावेत. हा रंगदोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक आढळतो. तो सरावाने जात नाही.