फायरफॉक्सची अँड्रॉइडवरील पुनर्रचना (२०२०)

मोझिलाने ऑगस्ट २०२० मध्ये फायरफॉक्स या न्याहाळकाची अँड्रॉइड आवृत्ती नव्याने लिहून ७९ या क्रमांकाने प्रसृत केली. तिचे सांकेतिक नाव ‘फेनिक्स’ होते; आधीची ‘फेनेक’ आवृत्ती ६८ वर थांबली.

नव्या रचनेत पत्त्याची पट्टी व तिच्या शेजारचा मेनू पडद्याच्या तळाशी आला. मोठ्या फोनवर अंगठा तेथे सहज पोहोचतो आणि पट्टी पुन्हा वर नेण्याची सोय सेटिंग्जमध्ये होती. तरीही वापरकर्ते नाराज झाले. रोजचा मेनू वाचून नव्हे, तर जागेच्या सवयीने वापरला जातो. ती जागा हलली की साधे कामही अडते.

अधिक रास्त तक्रार ॲड-ऑनविषयी होती. पूर्वी असंख्य ॲड-ऑन चालत. नव्या आवृत्तीत प्रारंभी युब्लॉक ओरिजिनसह मोजकेच उरले. ‘अबाउट:कॉन्फिग’ हे प्रगत सेटिंग्जचे पानही स्थिर आवृत्तीतून गेले. प्ले स्टोअरमधून बदल आपोआप आल्याने अनेकांना तो न मागता मिळाला, आणि तेथे एक तारा देणाऱ्या प्रतिक्रिया वाढल्या. ॲड-ऑन सर्वांसाठी खुले होण्यास डिसेंबर २०२३ उजाडला.

ॲपलनेही २०२१ मध्ये आयओएस १५ च्या चाचणी आवृत्तीत सफारीची पट्टी तळाशी नेली होती. टीकेनंतर अंतिम आवृत्तीपूर्वीच ती वर ठेवण्याचा पर्याय देण्यात आला.

फायरफॉक्सचा मेनू मराठीतही उपलब्ध असून त्याचे भाषांतर स्वयंसेवक करतात. मेनूत नवी नावे आली की ती त्यांनाच पुन्हा मराठीत आणावी लागतात.