‘एल्गार’ आणि वऱ्हाडांतील गझल

अरबी काव्यांत उगम पावलेली, इराणांत वाढलेली आणि हिंदुस्थानांत उर्दूच्या घरीं नांदलेली गझल मराठींत आली, तेव्हां तिला पाहुणी म्हणावें कीं घरची, हा वाद साहित्यिकांत पुष्कळ वर्षें चालला. त्या वादाचा इतिहास पाहूं जातां, १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या सुरेश भट यांच्या ‘एल्गार’ या संग्रहापाशीं थांबावेंच लागतें. कवी अमरावतीचा. ही गोष्ट योगायोगाची मानण्याचा प्रघात आहे. परंतु वऱ्हाडचा पूर्वेतिहास ध्यानीं घेतला म्हणजे तींत योगायोगाचा अंश फार थोडा उरतो.

१४९० सालीं बहामनी राज्य फुटून वऱ्हाडांत इमादशाही उभी राहिली. तिची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यांतील अचलपूर. पुढें निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम असे धनी बदलत गेले; १८५३ सालच्या तहानें हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं आला आणि १९०३ मध्यें मध्यप्रांताला जोडला गेला. धनी बदलले तरी दफ्तराची भाषा दीर्घकाळ फारशीच्या छायेंत राहिली. अमरावती, अकोला, बाळापूर, अचलपूर या गांवांतून मराठी बोलणारे आणि उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं शेजारीं राहात आले. पुण्याच्या विद्वानाला फारशी कोशांतून शिकावी लागे. अमरावतीच्या मुलाच्या कानीं उर्दू रस्त्यांतच पडे. गझलेला येथें दार ठोठावावें लागलें नाहीं.

तथापि मराठींत गझल आणण्याचा पहिला मान वऱ्हाडचा नव्हे. अठराव्या शतकांतील अमृतराय यांच्या नांवावर मराठींतील आद्य गझल सांगितली जाते. त्यानंतरचें मोठें नांव माधव जूलियन यांचें. ते फारशीचे पंडित. त्यांचा फारशी-मराठी कोश १९२५ सालीं निघाला आणि ‘गज्जलांजलि’ १९३३ सालीं. वृत्तें त्यांनीं परिश्रमपूर्वक मराठींत रुजविलीं. परंतु त्यांच्या बहुतेक रचनांत एकच भाव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग वाहातो, आणि गझलेचें मर्म तर नेमकें याच्या उलट आहे.

हें मर्म थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्याच्याभोवतीं फिरतो. गझल म्हणजे दोन दोन ओळींच्या शेरांची माळ. वृत्त सर्व शेरांत एकच. समजा, पहिल्या शेराच्या दोन्ही ओळी ‘वारा आहे’, ‘तारा आहे’ अशा संपल्या. तर पुढच्या प्रत्येक शेराची दुसरी ओळ ‘पसारा आहे’, ‘किनारा आहे’ अशीच संपली पाहिजे. यांतील न बदलणारा ‘आहे’ हा रदीफ. ‘वारा’, ‘तारा’ हे काफिये. आणि काफियांत अखेरच्या ‘रा’पूर्वीं टिकून राहाणारा ‘आ’ हा स्वर ती अलामत. इतकें बंधन पाळूनही प्रत्येक शेर अर्थानें स्वतंत्र असावा, तो माळेंतून काढून एकटा ठेवला तरी पुरी कविता व्हावी, अशी अपेक्षा असते. पहिली ओळ म्हणून गाणारा थांबतो, ती पुन्हां म्हणतो. ऐकणारे दुसरीची वाट पाहूं लागतात. आणि ती पडतांच सभा एकदम उसळते. हा प्रकार डोळ्यांनीं वाचावयाचा थोडा, कानांनीं घ्यावयाचा अधिक.

सुरेश भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजीं अमरावतीस झाला. वडील डॉक्टर, आईला कवितेची आवड. अगदीं लहानपणीं पोलिओ होऊन त्यांचा पाय कायमचा अधू झाला. परीक्षांतून त्यांची प्रगति धिमी होती. १९५५ मध्यें ते बी. ए. झाले. १९६१ सालीं ‘रूपगंधा’ आणि १९७४ सालीं ‘रंग माझा वेगळा’ हे संग्रह निघाले. हृदयनाथ मंगेशकरांनीं त्यांच्या रचनांना चाली दिल्या, लता मंगेशकर आणि आशा भोसले यांनीं त्या गाइल्या, आणि नभोवाणीनें त्या घरोघरीं नेल्या. १९७९ च्या ‘सिंहासन’ चित्रपटांत त्यांच्या एका कवितेनें राजकारणाच्या कोरड्या कथेला जो दाह दिला, तो प्रेक्षक विसरले नाहींत. म्हणजे ‘एल्गार’ येण्यापूर्वींच कवी लोकप्रिय होता. आणि कांहीं समीक्षकांच्या दृष्टीनें हाच त्याचा पहिला अपराध ठरला.

संग्रहाचें नांवच बोलकें आहे. एलगार म्हणजे निकराचा हल्ला. हा शब्द परमुलखांतून, फौजांच्या पायरवाबरोबर दक्षिणेंत आला आणि मराठ्यांच्या लष्करी बोलींत असा मुरला कीं त्याचें परकेपण कोणाच्या लक्षांतही राहिलें नाहीं. परक्या शब्दाचें जें झालें तेंच परक्या रचनाबंधाचें व्हावें, ही या संग्रहाची महत्त्वाकांक्षा. शिवाय दुसरीही एक होती, आणि ती अधिक धाडसाची. प्रेम, मदिरा आणि विरह यांत रमणारी गझल भटांनीं दैन्य, ढोंग, सत्तेचा माज आणि गर्दींतला एकाकी माणूस यांच्याकडे वळविली. उर्दूंत फैजसारख्यांनीं हें आधीं केलें होतें. मराठी गझलेला तें बळ या संग्रहानें दिलें.

आक्षेप दोन बाजूंनीं येत. मर्ढेकरांनंतर गंभीर मराठी कविता छंदाच्या चौकटीबाहेर पडत गेली होती. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ सालीं येऊन गेला होता. अशा काळांत कडक वृत्त, ठरलेलें यमक आणि टाळी घेणारी दुसरी ओळ हें सारें मागें जाणें वाटे. दुसरा आक्षेप परकेपणाचा. तो मात्र टिकणारा नव्हे. गटेनें हाफिजच्या ओढीनें १८१९ सालीं आपला ‘दीवान’ जर्मन भाषेंत प्रसिद्ध केला, दोनच वर्षांनीं प्लाटेननें जर्मन गझलांचें पुस्तक काढलें, आणि त्यामुळें जर्मन काव्य बाटलें असें आज कोणी म्हणत नाहीं. आणि वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर येथें उर्दू परकी होतीच केव्हां?

पहिल्या आक्षेपांत मात्र तथ्य आहे. प्रत्येक शेर स्वतंत्र असल्यामुळें कवीला दर दोन ओळींत जिंकण्याचा मोह होतो, आणि ‘एल्गार’मध्येंही कांहीं ठिकाणीं हा मोह आवरलेला नाहीं, त्वेष तोच, शत्रू तोच, केवळ काफिया नवा, असें होतें. भटांच्या मागून आलेल्या अनुकरणकारांत तर काफिया आधीं आणि विचार मागून असा व्यवहार सर्रास झाला. परंतु जेथें हा कवी जिंकतो, तेथें तंत्र दिसेनासें होतें आणि साध्या घरगुती मराठींत असें कांहीं बोललें जातें कीं शेतकरी आणि प्राध्यापक दोघेही एकाच क्षणीं मान हालवितात. मुक्तछंदांतल्या किती कवितांना हें साधलें?

नियमांच्या बाबतींत भट कोणाची भीड ठेवीत नसत. त्यांनीं ‘गझलेची बाराखडी’ या नांवानें रचनेचे नियम लिहून काढले; अलामत चुकली तर ती रचना गझल नव्हे, असें ते सांगत. कित्येकांना ही मास्तरकी वाटली. पण उर्दूंत उस्तादानें शागिर्दाचा शेर दुरुस्त करून देण्याची जुनी चाल आहे, आणि भटांनीं ती मराठींत टपालानें चालविली. नवशिक्यांच्या वह्या, पत्रें त्यांच्याकडे येत; तपासून परत जात. ‘झंझावात’ १९९४ सालीं निघाला; १४ मार्च २००३ रोजीं नागपुरास ते वारले. त्यांच्या पश्चात् वऱ्हाडांत ही परंपरा खंडित झाली नाहीं. अकोल्याचे श्रीकृष्ण राऊत यांनीं तिला आपल्या गझलांनीं पुढें नेलें, आणि अमरावती जिल्ह्यांतील आष्टगांवचे भीमराव पांचाळे यांनीं मराठी गझलगायनालाच आयुष्य वाहिलें. त्यांच्या मैफलींत पहिली ओळ दोनदां म्हटली जाते, आणि ऐकणारे दुसरीसाठीं श्वास धरून बसतात.