डिझेल गाडीचा भरवसा

मार्च उजाडला की रत्नागिरी परिसरातल्या बागांमधून हापूसच्या पेट्या भरलेल्या पिकअप गाड्या हातखंब्याला महामार्गाला लागतात. वाशीचा बाजार तिथून तीनशे किलोमीटरच्याही पुढे, आणि वाटेत परशुराम आणि कशेडीचे डोंगर. मिरकरवाड्याची मासळी आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाते. दोन्ही माल नाशवंत आहेत. गाडी घाटात अडली तर आंबा डागतो, बर्फ वितळतो आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून गाडी घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो हाच: ‘गाडी भरवशाची आहे ना?’

या साध्या प्रश्नाच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला तर भरवसा म्हणजे नेमके काय, हेही थोडे उलगडते.

ठिणगीवाचून चालणारे इंजिन

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे मुलांनी अनुभवलेले असते. हवा झपाट्याने दाबली की तिचे तापमान वाढते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच तत्त्वावर इंजिन बेतले आणि १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. तिच्यात इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे झालेल्या चाचणीत या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हे फारच जास्त होते.

या इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांचे प्लग, कॉइल, तारा ओल धरत आणि कोकणातल्या पावसात गाडी सुरू होईना. डिझेल इंजिनात हा कटकटीचा भागच नव्हता. ‘डिझेल म्हणजे दणकट’ ही ख्याती झाली त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

पण सुरुवातीची डिझेल इंजिने इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरत. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. असले धूड कारखान्यात किंवा जहाजावर ठीक होते. गाडीवर बसवणे अवघड. १९२३-२४च्या सुमारास जर्मनीत डिझेलचे पहिले ट्रक निघाले. १९२७ साली बॉश कंपनीने इंधन दाबाने सोडणाऱ्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि रस्त्यावरच्या डिझेल गाड्यांचा मार्ग मोकळा झाला.

या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांतली फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढीच असते. आपला केस याच्या वीस-तीस पट जाड! म्हणजे डिझेलने विजेच्या अनेक लहान काळज्या घालवल्या आणि त्यांच्या जागी एक नाजूक काळजी आणून ठेवली. इंधनात धूळ किंवा पाणी गेले की पंप आणि नोझल बिघडतात. दणकट इंजिनाचे हृदय असे घड्याळासारखे बारीक कामाचे आहे.

फिटरच्या हातातला भरवसा

महाराष्ट्रात हे तंत्र शेतीच्या पंपांमधून आणि रस्त्यांवरून असे दोन्हीकडून पसरले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्स सुरू झाली. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि ‘टेम्पो’ हे तिच्या जर्मन सहकाऱ्याच्या गाडीचे नाव मराठीत लहान मालवाहू गाडीचे सामान्यनामच होऊन बसले. १९८८ साली टाटांची पिकअप गाडी आली. २००५ साली आलेली दोन सिलिंडरची टाटा एस तर ‘छोटा हत्ती’ म्हणून वाडीवाडीत पोहोचली.

जुन्या यांत्रिक पंपाची गाडी कधीच बिघडत नसे, असे मुळीच नाही. पण डिझेलच्या नळीत एअर धरली तर ड्रायव्हर स्वतःच पाना घेऊन ती काढी. फिल्टर तुंबला, नोझल खराब झाले, तर पुढच्या नाक्यावर फिटर मिळे. म्हणजे भरवसा काही अंशी गाडीत होता, काही अंशी माणसांच्या हातात.

गुणाकाराचा हिशोब

यंत्रातला प्रत्येक भाग चालला तरच यंत्र चालत असेल, तर सगळ्या भागांच्या भरवशांचा गुणाकार म्हणजे यंत्राचा भरवसा. जर्मन अभियंता रॉबर्ट लुसर याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. समजा, गाडीत असे शंभर भाग आहेत आणि एका खेपेत प्रत्येक भाग न बिघडण्याची शक्यता ०.९९ आहे. ०.९९ला ०.९९ने गुणत शंभर भागांपर्यंत गेलो तर उत्तर येते सुमारे ०.३७! गाडी विनासायास पोहोचण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी. प्रत्येक भाग ०.९९९ इतका चांगला केला, तर हीच शक्यता सुमारे ०.९० होते. भाग वाढले की प्रत्येक भाग अधिक चोख असावा लागतो, तो यासाठी.

आजच्या गाडीत भाग वाढले आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ नियम लागू झाले. डिझेलमध्ये २००० साली देशाच्या बहुतेक भागांत दर दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक चालत असे. आता मर्यादा १० भागांची आहे. इंधन वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबाने फवारले जाते. फवारा कधी आणि किती, हे संगणक ठरवतो. धुरातली काजळी अडवायला बहुतेक गाड्यांना गाळणी असते. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे आवश्यकच होते.

मात्र ही गाळणी साफ होण्यासाठी तिच्यातली काजळी जळावी लागते आणि त्यासाठी तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते. वाशीला जाणाऱ्या गाडीत हे वाटेतच होऊन जाते. जेटीवरून बर्फाच्या कारखान्यापर्यंत दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापतच नाही. गाळणी तुंबते, संगणक इंजिनाचा जोर कमी करतो आणि नाक्यावरचा फिटर पाना घेऊन काही करू शकत नाही. एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली गाडी एकाला भरवशाची वाटेल आणि दुसऱ्याला डोकेदुखी, ती अशी. जवळच्या फेऱ्यांसाठी पेट्रोल, सीएनजी किंवा विजेवरची गाडी अधिक सोयीची ठरू शकते. मासळीच्या गाडीत खारे पाणी ठिबकून चासीला गंज चढतो, तो प्रश्न आणखी निराळा.

तेव्हा घेणाऱ्याने ‘कोणती गाडी चांगली?’ एवढेच विचारून भागत नाही. खेपा किती लांबीच्या, माल कोणता, डिझेल कुठे भरणार, आणि बिघाड शोधणारे यंत्र असलेले गॅरेज किती अंतरावर, हेही विचारायला हवे.

वर्गासाठी यातून एक चांगला प्रकल्प होईल. मुलांनी जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन तिथे आलेल्या वीस गाड्यांची नोंद करावी: गाडी किती जुनी, रोज किती चालते, बिघाड इंधनाचा, विजेचा, संगणकाचा की गंजाचा. तक्ता करून तुलना करावी. फिटरकाकांना, पूर्वी कोणते बिघाड येत आणि आता कोणते येतात, हेही जरूर विचारावे. हा इतिहास अजून कुणी लिहून ठेवायला हवा आहे.