जुन्या प्रतिकृतीतून घडणारे नवे डिझेल इंजिन

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती जमविण्याचा छंद जगभर पसरलेला आहे. दुकानातून इंजिन आणावे, रुळांवर ठेवावे आणि फिरवावे, इतक्यावर बहुतेकांचे समाधान होते. या छंदाची एक शाखा मात्र अशी आहे, की तीत खोक्यातून बाहेर काढलेल्या इंजिनावर पहिल्याच दिवशी छिन्नी चालविली जाते. कारखान्याने हजारोंच्या संख्येने एकसारखे काढलेले इंजिन घ्यायचे, ते पूर्ण सुटे करायचे, आणि एखाद्या विशिष्ट रेल्वेच्या, विशिष्ट क्रमांकाच्या, विशिष्ट वर्षी धावणाऱ्या खऱ्या इंजिनाचे रूप त्याला द्यायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. अमेरिकेत या कारागिरीला सत्तर वर्षांहून मोठी परंपरा असून तिचा सर्वाधिक भर डिझेल इंजिनांवर आहे.

तिथे सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. मूळ वस्तूच्या ८७व्या भागाएवढी प्रतिकृती आणि १६.५ मिलिमीटर अंतराचे रूळ, हे त्याचे माप. जनरल मोटर्सच्या ‘ईएमडी’ विभागाने १९५४ पासून बांधलेले ‘जीपी ९’ हे १,७५० अश्वशक्तीचे इंजिन सुमारे १७.१२ मीटर लांब होते. एचओमध्ये ते वीस सेंटिमीटरच्या पट्टीएवढे भरते. या जातीची चार हजारांहून अधिक इंजिने बांधली गेली व ती अमेरिकेतील बहुतेक मोठ्या रेल्वे कंपन्यांकडे होती. साहजिकच तिच्या प्रतिकृतीही अनेक कंपन्यांनी काढल्या, आणि नवशिक्या कारागिराच्या हाती बहुधा हेच इंजिन पहिल्यांदा येते.

क्रमांक आणि वर्ष

एकाच जातीची दोन इंजिने सारखी नसतात, हे या कामाचे मूळ सूत्र आहे. जीपी ९च्या छतावर कुठे ३६ इंची चार पंखे दिसतात, तर नंतरच्या काही इंजिनांवर ४८ इंची दोन. काहींवर डायनॅमिक ब्रेकचा फुगवटा असतो, काहींवर नसतो. इंधनाची मोठी टाकी बसविण्यासाठी खालच्या हवेच्या टाक्या छतावर हलविलेली इंजिनेही होती. या लांबट टाक्यांना अमेरिकी हौशी मंडळी ‘टॉर्पेडो’ म्हणतात. शिवाय इंजिन तीस-चाळीस वर्षे धावते, तेव्हा त्याचे रूपही बदलत जाते. पुढच्या बाजूचे खालचे जोडदिवे अमेरिकेत १९९७ अखेर सक्तीचे झाले. १९६०मधील रंगसंगतीच्या इंजिनावर ते दिवे लावले, तर जाणकाराच्या नजरेतून ती चूक सुटत नाही.

त्यामुळे कामाचा आरंभ हत्यारांनी नव्हे, तर छायाचित्रांनी होतो. दोन्ही बाजूंची, पुढची, मागची आणि शक्य झाल्यास वरून घेतलेली छायाचित्रे जमवावी लागतात. यात एक गंमत आहे. खरे इंजिन माणूस खालून किंवा बाजूने पाहतो, तर टेबलावरची प्रतिकृती नेहमी वरून पाहिली जाते. म्हणजे छत हा प्रतिकृतीचा सर्वाधिक दिसणारा भाग, आणि छायाचित्रे नेमकी त्याचीच सर्वांत कमी मिळतात! पुलावरून घेतलेल्या एखाद्या फोटोला म्हणूनच या मंडळींत फार मोल असते.

आधी यंत्र, मग रूप

वरचे रूप कितीही देखणे झाले, तरी इंजिन अडखळत चालत असेल तर ते व्यर्थ आहे. अनुभवी कारागीर म्हणूनच शेलला, म्हणजे प्लास्टिकच्या वरच्या सांगाड्याला, हात लावण्यापूर्वी खालची चासी मोकळी करतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढावे लागते व प्लास्टिकला न खाणारे हलके तेल अगदी थेंबभर द्यावे लागते. चाकांच्या आसावरील प्लास्टिकचे गिअर कालांतराने तडकतात. इंजिन चालताना ठरावीक अंतराने ‘टक्-टक्’ असा आवाज करून उचकी दिल्यासारखे हलत असेल, तर तडा तिथेच आहे असे समजावे. गोंद लावून ही तड भरत नाही. गिअरच बदलावा लागतो.

कॅलिफोर्नियातील ‘अ‍ॅथर्न’ कंपनीची निळ्या खोक्यातील इंजिने ही या कारागिरीची अनेक दशके पाठशाळा होती. ती स्वस्त, दणकट आणि सुटी करण्यास सोपी होती. दोष होते, पण तेही शिकण्याजोगे. साठच्या दशकातील त्यांच्या काही इंजिनांचा हूड, म्हणजे यंत्र झाकणारी लांबट पेटी, मापापेक्षा जाड होता. तेव्हाची मोटार आत मावावी म्हणून केलेली ही तडजोड पुढे अनेकांना खटकली. काहींनी दुसऱ्या कंपनीचे बारीक शेल आणि सडपातळ मोटार वापरून ती दूर केली, तर काहींनी शेल उभे चिरून मधली पट्टी काढून टाकण्याचे धाडस केले. या इंजिनांची जुनी लोखंडी चाकेही लवकर मळत असत. त्या जागी निकेल-सिल्व्हरची चाके घातल्यास विजेचा संपर्क लक्षणीय सुधारतो. मोटारीवरून जाणारी पत्र्याची पट्टी काढून प्रत्येक बोगीपासून तार डाखून आणली, की दिवे लुकलुकणे थांबते.

चाकांमधील अंतर, जोडणीची उंची आणि वजन यांसाठी ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ या १९३५मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी संस्थेची मानके आहेत. तिचा एक लहानसा धातूचा गेज मिळतो. चाके त्यावर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. रुळांवरून घसरणाऱ्या बहुतेक इंजिनांचे रहस्य त्या गेजमध्येच उलगडते.

परतीचा मार्ग नसलेले काम

शेलवरील जुना रंग काढण्यासाठी तो अल्कोहोलमध्ये भिजवून मऊ ब्रशने घासतात. अ‍ॅसिटोन किंवा थिनर मात्र पॉलिस्टायरिनला वितळवून टाकतो. कोणतेही द्रावण आधी आतल्या कोपऱ्यात लावून पाहणे हाच यावर उपाय आहे.

त्यानंतरचे काम सर्वांत जोखमीचे. स्वस्त इंजिनांवर चढण्याच्या कड्या सुट्या नसतात, शेलवरच उंचवट्याच्या रूपात ओतलेल्या असतात. या उंचवट्या छिन्नीसारख्या पात्याने तासून काढायच्या, जागा बारीक कागदाने गुळगुळीत करायची, सुमारे ०.३५ मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने भोके पाडायची आणि त्यांत ०.३ मिलिमीटरची तार वाकवून बसवायची. एका इंजिनावर अशी डझनावारी भोके असतात. एक भोक अर्धा मिलिमीटर सरकले, तर खऱ्या मापात ती चूक चार सेंटिमीटरहून मोठी ठरते आणि शिडी वाकडी दिसू लागते. म्हणून सरावलेले लोक आधी पत्र्याचा किंवा जाड कागदाचा साचा करून भोकांच्या जागा त्यावरून घेतात. पात्याचा दाब नेहमी अंगापासून दूर हवा, हेही नव्याने हात घालणाऱ्याने विसरू नये.

पुढील उंच नाक कापून बुटके करणे हे आणखी मोठे शल्यकर्म. यात प्रतिकृतीकार रेल्वेचेच अनुकरण करीत असतो, कारण इलिनॉय सेंट्रल रेल्वेने केंटकीतील पडुका येथील कारखान्यात आपली जुनी इंजिने अशीच कापून नव्याने उभी केली होती. सांता फे रेल्वेने तर त्याही पुढे मजल मारली. टेक्सासमधील क्लीबर्नच्या कारखान्यात १९७० ते १९७८ या काळात तिने ‘एफ ७’ या गोलाकार, बंदिस्त बांधणीच्या इंजिनांची बाहेरील सगळी बांधणी उतरविली आणि त्यांची २३३ नवी हूडवाली इंजिने केली. ‘सीएफ ७’ म्हणून ती ओळखली जातात. आरंभीच्या सीएफ ७वर जुन्या छताची गोलाई चालकाच्या केबिनवर तशीच राहिली होती; पुढे ती गेली. जे खऱ्या कारखान्यात घडले तेच टेबलावर घडविण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांच्यासाठी सीएफ ७ हा आवडता विषय आहे.

पंखे, कर्णे, वायपर, ब्रेकच्या नळ्या, बर्फ सारणारा फाळ असे सुटे भाग विकत मिळतात. ओरेगनमधील ‘केडी’ कंपनीच्या चुंबकाने सुटणाऱ्या जोडण्या तर जवळपास प्रमाणभूतच मानल्या जातात. अलीकडे रेझिनच्या त्रिमितीय छपाईमुळे दुर्मिळ भागही घरी तयार होतात, पण छापील थरांच्या रेषा घासण्याची मेहनत त्यात वाढली आहे.

रंग, अक्षरे आणि धूळ

रंग एअरब्रशने, पातळ थरांत दिला जातो. ‘फ्लोक्विल’ आणि ‘पॉलीस्केल’ हे अनेक पिढ्यांचे विश्वासू रंग २०१३मध्ये बंद झाल्यावर रेल्वेच्या नेमक्या छटा मिळविण्यासाठी कारागिरांना नवे पर्याय शोधावे लागले. द्रावकयुक्त रंग बंद खोलीत फवारणे आरोग्याला घातक आहे. बाहेर हवा सोडणारा पंखा व योग्य मुखवटा यांवाचून हे काम करूच नये. अक्षरे व क्रमांक पाण्यात भिजवून सुटणाऱ्या डीकॅलने लावतात. त्यासाठी खालचा पृष्ठभाग चकचकीत हवा. खरबरीत रंगावर लावलेल्या डीकॅलखाली हवा अडकते व चंदेरी डाग दिसतो. अक्षरे बसल्यावर मॅट वार्निशचा थर देऊन चकाकी मारली जाते.

शेवटचे काम इंजिन ‘मळविण्याचे’. धुरांड्याभोवती काजळी, टाकीच्या तोंडाशी सांडलेल्या इंधनाचा ओघळ, बोगीवर ब्रेकची तपकिरी भुकटी. प्रत्येक डागाला कारण असावे लागते. हाच टप्पा बहुतेकांकडून बिघडतो, कारण हात थांबत नाही आणि रोज धावणारे इंजिन भंगारातले वाटू लागते.

विजेची बाजू

नव्वदच्या दशकात ‘डीसीसी’ ही डिजिटल नियंत्रणपद्धती प्रमाणित झाली. तिचा पाया जर्मनीतील ‘लेन्झ’ कंपनीने घातला होता. रुळांत वीज कायम खेळती राहते व प्रत्येक इंजिनातील डिकोडर केवळ आपल्या क्रमांकाची आज्ञा पाळतो. जुन्या इंजिनात डिकोडर बसविताना मोटार चासीपासून विजेच्या दृष्टीने पूर्ण वेगळी करणे ही पहिली अट आहे. अ‍ॅथर्नच्या जुन्या इंजिनांत मोटारीचा खालचा ब्रश थेट चासीला टेकलेला असे. तो संपर्क राहून गेला, तर डिकोडर पहिल्याच क्षणी जळतो. मोटार अडवून धरली असता ती किती वीज ओढते, हेही आधी मोजावे. एक अँपिअर क्षमतेच्या डिकोडरवर दीड अँपिअर ओढणारी जुनी मोटार लादण्यात अर्थ नाही. एलईडी दिव्याला सुमारे एक हजार ओहमचा रोधक लागतोच.

भारतीय इंजिनाचा प्रश्न

महाराष्ट्रात हा छंद लहान असला, तरी अपरिचित नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८पासून अनेक कुटुंबांच्या ओळखीचे आहे. मात्र भारतीय डिझेल इंजिन घडवू पाहणाऱ्यापुढे अडचण आरंभीच उभी राहते. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे. ८७ने भागल्यास तो १९.२६ मिलिमीटर येतो, तर बाजारातील सगळी चाके १६.५ची. बहुतेक जण रूळ अरुंदच ठेवून वरचे रूप मापात करतात; समोरून पाहताना बोगी आत गेलेली दिसते, ती सोसावी लागते.

‘डब्ल्यूडीएम २’ या इंजिनासाठी एक वाट मात्र उपलब्ध आहे. अमेरिकेच्या ‘आल्को’ कंपनीकडून १९६२मध्ये आलेल्या व १९६४पासून वाराणसीत बांधल्या गेलेल्या या २,६०० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या बोगीत तीन आसांमधील अंतरे समान नसतात. आल्कोच्या ‘सी ६२८’ या अमेरिकी इंजिनाखालीही याच कुळातील बोगी होती आणि त्याच्या एचओ प्रतिकृती निघालेल्या आहेत. चासी तिची घ्यायची, लांबी कमी करायची आणि शेल पत्र्यासारख्या पातळ प्लास्टिकमधून स्वतः उभारायचे, असा हा मार्ग. बफर, साखळीची जोडणी आणि देवनागरीतील क्रमांक यांपैकी काहीच आयते मिळत नाही. मापे घेण्यासाठी खरी इंजिनेही आता झपाट्याने दिसेनाशी होत आहेत. विद्युतीकरणामुळे डिझेलचे काम घटले, वाराणसीचा कारखाना विद्युत इंजिने बांधू लागला आणि २०२०मध्ये त्याच्या नावातील ‘डिझेल’ हा शब्दही गेला. एखादे इंजिन जतन करून ठेवलेले आढळले, तर छायाचित्रासोबत टेपही न्यावी आणि रीतसर परवानगी घेऊन हूडची रुंदी, दारांच्या पट्ट्या व कठड्यांची उंची वहीत टिपून आणावी.