रेझिनमध्ये बसविलेल्या चित्रांचे वर्णरक्षण

कागदी चित्र किंवा छायाचित्र पारदर्शक रेझिनमध्ये कायमचे बंदिस्त करताना त्याचे मूळ रंग अबाधित राखण्याची प्रक्रिया. याकामी मुख्यत्वे योजिली जाणारी एपॉक्सी रेझिने स्वित्झर्लंडमधील प्येर कास्तां व अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांच्या 1930 ते 1950 या काळातील स्वतंत्र संशोधनातून प्रचारात आली (पहा : एपॉक्सी रेझिने); लग्नातील वरमाला व छायाचित्रे जतन करण्याच्या अलीकडील व्यवसायामुळे महाराष्ट्रातही ती परिचित झाली आहेत.

वर्णविकृतीचे प्रमुख कारण, रेझिन पिवळे पडणे हे सर्वसाधारणपणे समजले जात असले, तरी प्रत्यक्षात बहुधा कागदाची सच्छिद्रता हे असते : तंतूंमधील हवेची जागा द्रव रेझिनने घेतली, की प्रकाशाचे विकिरण घटून कागद काळपट व अर्धपारदर्शक होतो, आणि पाठीमागचा मजकूरही पुढे उमटतो. सबब, चित्राच्या दोन्ही बाजूंस व विशेषतः कापलेल्या कडांस, जेथे हयगय हमखास होते, पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या डिंकाचे पातळ थर देऊन ते पूर्ण वाळू देणे अगत्याचे असते. इंकजेट छपाईची विद्राव्य शाई ओल्या डिंकाने पसरते. लेझर छपाई त्या मानाने निर्धोक.

रेझिनचा स्वतःचा पिवळेपणा जंबुपार किरण, ऑक्सिडीकरण व घट्ट होतानाची उष्णता यांमुळे येतो. तेलगाव (जि. बीड) यासारख्या ठिकाणी, जेथे वैशाखात पारा 40° से.वर जातो, जाड थर एकदम ओतल्यास ही उष्णता अनावर होते, म्हणून तेथे पातळ थर व सकाळची वेळ इष्ट (पहा : छायाचित्रण, बहुवारिके).